कुशला आधी मी ओळखलं

१५ जानेवारी २००६, रविवार
मेडनहेडच्या मराठी मंडळाची संक्रांत. हॉलचं हीटिंग बंद, तिळगूळ दगड. गिरीशशी गोड बोललो. (गिरीश म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी, तहहयात असल्यासारखा.) वर्षाचा कोटा संपला.

मोठी बातमी: हरीशच्या मुलाला, कुशला, अमेरिकेतलं एक कॉलेज बास्केटबॉलसाठी घेतंय. पूर्ण स्कॉलरशिप, राहणं-खाणं सगळं. एल्क फोर्क स्टेट नावाचं कॉलेज, कुठल्याशा मक्याच्या शेतात. एप्रिलमध्ये सही, ऑगस्टमध्ये प्रस्थान. सगळं मेडनहेड हरीशला मिठ्या मारत होतं. हरीशची उंची पाच फूट चार इंच. यात त्याचं काय कर्तृत्व?

कुश सहा फूट सात. मागच्या दिवाळीत त्याचं डोकं लागून स्टेजचं तोरण खाली आलं, तेव्हाच मी चारचौघांत म्हणालो होतो, हा पोरगा पुढे जाणार. मनीषा म्हणते, तू म्हणाला होतास, हा पोरगा सगळं पाडणार. बायको असून शब्दांचा कीस पाडते. भावार्थ बघायचा असतो.

संकल्प: कुशकडे यापुढे मी जातीनं लक्ष घालणार.

१८ जानेवारी, बुधवार
बेसिंगस्टोकला ऑफिसात लंचमध्ये बास्केटबॉलचे नियम वाचले. सोपे आहेत. ज्याला कबड्डी कळते त्याला जगातला कुठलाही खेळ कळतो.

कॉलेजच्या टीमचं नाव मस्करॅट्स. शोधलं. मस्करॅट म्हणजे पाण्यात राहणारा एक प्रकारचा उंदीर. टीमला उंदराचं नाव! दुपारभर वैताग. मग चहाच्या वेळी लक्षात आलं, उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन. शुभसंकेत.

स्टेटस रिपोर्ट द्यायचा राहिला. सर्व्हर डाऊन होता असं सांगितलं.

२२ जानेवारी, रविवार
हरीशकडे गेलो. मार्गदर्शन करायला. हरीशनं पॅसेजमध्येच उभं केलं, बुटांसकट. कुश किचनमध्ये परातीएवढ्या बाऊलमध्ये सिरीयल खात होता. हाय काका म्हणाला. त्याला सांगितलं, रोज भिजवलेले बदाम, बारा सूर्यनमस्कार, डावा हात मजबूत कर. तो म्हणाला, ओके काका, मी करेल. गुणी आहे.

हरीश म्हणाला, शशिधर, त्याला कोच आहे रे. मी म्हटलं, कोच इंग्रज आहे, त्याला बदाम काय माहीत. यावर त्यानं घड्याळ बघितलं.

हरीशच्या बायकोनं, मंजिरीनं, चहा दिला. बिस्किट नाही. पोरामुळे सगळ्या घराच्या डोक्यात हवा गेली आहे.

२९ जानेवारी, रविवार
क्रांतिकारक दिवस. इंटरनेटवर मस्करॅट्सच्या चाहत्यांचा फोरम सापडला. बिचारे. टीम वर्षानुवर्षं हरतेय, आणि आता सगळ्यांचे डोळे कुशवर. गावातला डेव्ह नावाचा डेंटिस्ट त्यांचा म्होरक्या. त्यानं कुशची एक धूसर क्लिप पन्नास वेळा बघितली आहे. विचारत होता, या मुलाला कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

मी नाव नोंदवलं: कुशकाका. लिहिलं, मी त्याचा अंकल, त्याला सर्वांत आधी मीच ओळखलं.

धडाधड उत्तरं. वेलकम अंकल. वुई लव्ह यू अंकल. एकानं लिहिलं की त्याचे वडील आजारी आहेत आणि मरण्यापूर्वी एकदा तरी टीम जिंकलेली बघायची इच्छा आहे, तर काळजी करू नको म्हणावं का? मी लिहिलं, म्हण.

माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं कोड लिहितोय, टीम सांभाळतोय, माझ्या एका ई-मेलला कुणी असं उत्तर दिलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार
रेडिंगला लेझर सेंटरमध्ये कुशची मॅच. हरीश-मंजिरी पुढच्या रांगेत. मी मुद्दाम त्यांच्या मागे बसलो, सूचना करायला बरं पडतं. पंच आंधळा होता. कुश समोरच्याच्या अंगावर नुसता सावलीसारखा उभा राहिला तरी शिट्टी. तिसऱ्या शिट्टीला मी खाली उतरून पंचाला समजावायला गेलो. मला बाहेर काढलं. उरलेली मॅच कार पार्कमधून ऐकली. आवाजावरून कुश उत्तम खेळला.

मंजिरी नंतर गाडीपाशी येऊन म्हणाली, शशिधर, तुम्ही प्लीज परत मॅचला येऊ नका, कुशला खूप एम्बॅरसिंग होतं. आईचं काळीज. दृष्ट लागायची भीती वाटते.

फोरमवर रिपोर्ट टाकला. उंची सहा फूट नऊ लिहिली. वाढतं वय आहे. डेव्हनं लिहिलं, हा मुलगा आपल्याला वाचवणार. एकजण नवं स्टेडियम बांधावं लागेल म्हणतोय. मी बजावलं, घाई नको, पण जागा बघून ठेवा.

२५ फेब्रुवारी, शनिवार
मंडळाची कमिटी मीटिंग. विषय: गुढीपाडव्याला सत्कार कुणाचा. गिरीशचा प्रस्ताव: त्याच्याच मुलीचा, व्हायोलिनची पाचवी परीक्षा पास झाली म्हणून. लाज वाटत नाही. तिचं व्हायोलिन मी ऐकलं आहे, दार करकरतं तसं वाजतं. तसं सांगितलं.

मी कुशचं नाव मांडलं. गिरीश म्हणाला, आधी सही तर होऊ दे. हीच ती वृत्ती. आपला माणूस वर जायला लागला की खाली शिडी धरायचं सोडून हे शिडीची तपासणी करतात.

मतदानात हरायला आलो होतो. मग आठवण करून दिली की मंडळाचा माईक आणि स्पीकर माझे आहेत. ठराव एकमतानं पास.

५ मार्च, रविवार
कॉलेजच्या अधिकृत फॅन क्लबचं मेंबरशिप कार्ड आलं. गोल्ड. माझं नाव छापलेलं, शेजारी दात काढून हसणारा मस्करॅट. गाडीला लावायला स्टिकरही. आमच्या झाफिरा गाडीच्या मागच्या काचेवर लावला. मनीषा म्हणाली, लोकांना वाटेल आपण पेस्ट कंट्रोलवाले.

सोबत नियमांचं पत्रक होतं, बारीक टायपात. टर्म्स अँड कंडिशन्स वाचत बसणारी माणसं आयुष्यात कुठेही पोचत नाहीत. गिरीश वाचतो.

१ एप्रिल, शनिवार
सत्कार! शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी आणि लक्ष्मी रोडवरून खास मागवलेली चांदीची गणपतीची मूर्ती. सगळं माझ्यातर्फे.

स्टेजवर जाण्याआधी हरीशनं विंगेत गाठलं. म्हणाला, शशी, कॉलेजनं सांगितलंय कुणाकडून काही गिफ्ट घ्यायचं नाही, फार कडक नियम आहेत, तू फक्त फुलं दे. मी म्हटलं, हरीश, ही गिफ्ट नाही, हा सत्कार आहे. गिफ्ट घरी देतात. सत्कार माईकवर होतो. तो आणखी काही बोलणार होता, पण मी माईक चालू केला होता.

आणि समोर दोनशे माणसं बसलेली असताना श्रीफळ नाकारतात का कुणी? कुशनं वाकून घेतलं. शाल घालायला मला खुर्चीवर चढावं लागलं. पगडी लहान झाली, डोक्यावर झाकणासारखी बसली, पण फोटोत रुबाब आला. कुश म्हणाला, मला खूप छान वाटला, थँक यू. पोरगा मोजकं बोलतो. त्यामुळे उरलेला पाऊण तास मी बोललो. लोक जेवायला उठले तेव्हा संपवलं.

संध्याकाळी फोटो फोरमवर टाकले. खाली लिहिलं: एल्क फोर्क फॅन क्लबच्या गोल्ड मेंबरकडून आपल्या स्टारला प्रेमाची भेट.

२ एप्रिल, रविवार
डेव्हचा मेसेज, सगळा मोठ्या अक्षरांत: ताबडतोब डिलीट कर. पाठोपाठ दहाजणांचे तेच. मत्सर. काल माझ्या हातून शाल, आज यांच्या पोटात दुखलं.

समजावलं की नारळ हा केवळ प्रतीकात्मक असतो. डेव्हनं विचारलं, आणि ती चांदी?

डिलीट केलं नाही. प्रतिस्पर्धी कॉलेजच्या फोरमवरही आता तेच फोटो झळकताहेत. माझं नाव स्पेलिंगसकट. प्रसिद्धी म्हणतात ती ही.

७ एप्रिल, शुक्रवार
ऑफिसात असताना हरीशचा फोन. पंधरा वर्षांच्या ओळखीत हा माणूस असा ओरडलेला ऐकला नाही. प्रतिस्पर्धी कॉलेजवाल्यांनी तक्रार केली. कुशची सही थांबवली आहे. तिकडच्या खेळाच्या नियमांप्रमाणे फॅन क्लबच्या मेंबरनं खेळाडूला काही देणं म्हणजे लाच. चौकशी बसली. पोराचं सगळं भविष्य टांगणीला लागलंय, इथल्या युनिव्हर्सिटीचे फॉर्म त्यानं भरलेलेच नाहीत, वगैरे वगैरे.

मी शांतपणे म्हटलं, प्रूव्ह होईल की हा सत्कार होता. त्यानं फोन आपटला.

मोठ्या कामात लहान माणसं अशीच वागतात. चारला घरी निघालो. डोकं दुखतंय असं सांगितलं, ते खरंच होतं.

१२ एप्रिल, बुधवार
आज सही व्हायची होती. झाली नाही. कॉलेज म्हणतं, दिलेल्या सगळ्या वस्तूंचा हिशेब द्या. शाल, पगडी, मूर्ती कपाटात आहेत. नारळाचं काय झालं असंही त्यांनी लेखी विचारलं. मंजिरीनं खरं ते कळवलं: चटणी.

फोरमवर मला शिव्या. आजारी वडीलवाल्यानं विचारलं, आता वडिलांना काय सांगू? त्याला धीर देणारं पत्र लिहिलं. उत्तर नाही. कदाचित वडील गेले असतील.

१९ एप्रिल, बुधवार
मंजिरी घरी आली. एकटी. सोफ्याच्या कडेवर बसली. चहा नको म्हणाली.

म्हणाली, एक मार्ग आहे. त्यांच्या नियमात जुन्या, घरच्या माणसानं दिलेलं चालतं. ज्याचं मुलाशी नातं बास्केटबॉलच्या आधीपासूनचं आहे, खेळामुळे जडलेलं नाही, असा माणूस. चौकशी करणाऱ्या बाईंना कुशनं आणि आम्ही सगळं सांगितलंय. आता त्या तुम्हाला फोन करतील. तुम्ही एवढंच सांगायचं की आपले जुने घरोब्याचे संबंध आहेत आणि बास्केटबॉलशी तुमचा काही संबंध नाही. तुम्ही हो म्हणालात की फाइल बंद, कुश ऑगस्टमध्ये जाईल. बाकी काही बोलू नका, शशिधर. तुमच्या पाया पडते.

खरंच वाकायला लागली. मनीषानं तिला उठवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू वाकायला मीच सांगितलं होतं.

मी शब्द दिला. मनातून मात्र दुखावलो. म्हणजे हरीशची खेळी लक्षात आली. एकदा कागदोपत्री माझा बास्केटबॉलशी संबंध नाही असं ठरलं, की उद्या मुलाखतीत माझं नाव घ्यायला नको.

२३ एप्रिल, रविवार
मनीषानं तालीम घेतली. ती झाली ती बाई, मी मी. पहिलं वाक्य, मी जुना फॅमिली फ्रेंड आहे, हे झकास जमलं. दुसरं, मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, हे घशातच अडकायचं. दर वेळी खोकला येई.

मी म्हटलं, खोटं बोलायची सवय नाही मला. मनीषा म्हणाली, सगळ्या प्रकरणात तेवढंच एक खरं आहे.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि ही बाई हरीशच्या पार्टीत.

२६ एप्रिल, बुधवार, संध्या. ७.१५
फोन झाला. फारच उत्तम झाला.

बाईंचं नाव मिस हॅल्व्हर्सन. आवाज गोड, इंग्लिश कळण्यासारखं. सुरुवात ठरल्याप्रमाणे केली. जुना फॅमिली फ्रेंड. वा, म्हणाल्या, कुशनंही तेच सांगितलं. मग म्हणाल्या, फक्त फाइलसाठी विचारते, म्हणजे त्याच्या खेळाशी तुमचा कधीच काही संबंध आला नाही, बरोबर?

तो 'कधीच काही' मला लागला. मक्याच्या शेतातली एक कारकून मला विचारतेय, माझा संबंध काय! तरी मी गप्प राहिलो. निदान दोन सेकंद तरी. मग वाटलं, बाई चांगल्या घरातली दिसते, तिला खरं कळायला हवं. सगळं सविस्तर सांगितलं. तोरण पडलं तेव्हा ओळखलं ते, बदाम, डावा हात, रेडिंगचा पंच, फोरमवरचे रिपोर्ट, सत्कार. त्यांनी मध्येच विचारलं, पण सर, बास्केटबॉलच्या आधी तुमचं या मुलाशी काय नातं होतं? मी प्रामाणिकपणे म्हटलं, मॅडम, त्याआधी मी त्याच्याशी धड बोललोही नव्हतो. आमचं नातं आहे ते केवळ बास्केटबॉलचं!

टायपिंगचा आवाज येत होता. मी जरा सावकाश बोललो, एकही मुद्दा सुटायला नको म्हणून. शेवटी त्या म्हणाल्या, थँक यू, यू हॅव बीन व्हेरी हेल्पफुल.

व्हेरी हेल्पफुल! हरीशच्या तोंडून आजवर असा शब्द आलाय?

मनीषानं किचनमधून सगळं ऐकलं होतं. गॅस बंद करून ती स्टुलावर बसली. जेवण वाढलं नाही. टोस्ट खाल्ला.

६ मे, शनिवार
स्कॉलरशिप रद्द. गिरीशकडून कळलं. त्यानं आवाज पाडून सांगितलं, पण मला त्यात समाधान ऐकू आलं.

विश्लेषण: अमेरिका हा ढोंगी देश आहे. खरं बोलणाऱ्याची किंमत नाही. शिवाय हरीशनं आधीच नीट कळवलं असतं, कुशनं नारळ परत केला असता, फोन करणाऱ्या बाईंनी सरळ प्रश्न विचारले असते, तर ही वेळ आली नसती. मी एकटा किती आघाड्यांवर लढणार?

कॉलेजचं मलाही पत्र आलंय. मेंबरशिप काढून घेतली आणि टीमपासून कायम लांब राहण्याची विनंती केली आहे. फोरमवरचं अकाउंट बंद. नुसतं वाचता येतं. त्यांना आता सर्बियाचा कोणी मुलगा मिळालाय. डेव्हनं लिहिलंय, हा मुलगा आपल्याला वाचवणार. कुशचं नाव दुसऱ्या पानावर गेलं.

स्टिकर काचेवरून निघत नाही. सुरी, गरम पाणी, व्हिनेगर, सगळं झालं. मस्करॅटचे दात राहिलेत.

१० जून, शनिवार
फुटबॉलच्या वर्ल्ड कपमुळे गाड्यांवर झेंडे. कसले हे चाहते. चार मॅचेसचं प्रेम.

टेस्कोत हरीश दिसला. डाळींच्या शेल्फपाशी. मी हात वर केला. त्यानं ट्रॉली वळवली आणि टूथपेस्ट असलेल्या भागात निघून गेला. ट्रॉलीत टूथपेस्ट आधीच होती.

मंडळानं स्वतःचा माईक घेतला. पुढच्या मीटिंगचं बोलावणं आलं नाही, बहुधा पोस्टात अडकलं. तसाही मला वेळ कुठे आहे. ऑफिसात मला एका कमी जबाबदारीच्या, पण अधिक धोरणात्मक जागेवर हलवलंय.

संकल्प: मौन. सन्मानपूर्वक.

१६ जुलै, रविवार
उकाडा असह्य. या देशाला पंखा माहीत नाही.

दुपारी बेल वाजली. दारात कुश. पूर्ण चौकट भरलेली. हातात पिशवी: शाल, पगडी, गणपती. आईनं परत द्यायला सांगितलं म्हणाला. आता त्याला स्लाऊच्या एका गोदामात काम मिळालंय, वरच्या फळ्यांवरचे खोके काढायचं. पुढच्या वर्षी इथल्या युनिव्हर्सिटीत बघेल. बास्केटबॉल? नाही काका, सध्या नाही.

आत ये म्हटलं. नको म्हणाला. दारातच मी त्याला व्यवस्थेत काय काय चुका आहेत ते समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. हाच त्याचा गुण. मग मी मूळ मुद्द्यावर आलो. विचारलं, तू त्या बाईंना नेमकं काय सांगितलं होतंस? कारण कुणीतरी काहीतरी चुकीचं बोलल्याशिवाय असं होत नाही.

तो म्हणाला, मी सांगितला की तुम्ही माझा काका आहे. खरा काका नाही, पण काकाच. ती म्हणाली, असं काय केलं त्यांनी? तर मी तिला हॉस्पिटलचा सांगितला. मी आठ वर्षांचा होता, मंडळाच्या पिकनिकला झाडावरून पडला, हात मोडला. बाबा इंडियात होते, आईला ड्रायव्हिंग येत नव्हता. तुम्ही आम्हाला गाडीतून नेलं आणि पूर्ण दिवस माझ्याजवळ बसला. तुमचा स्वेटर माझ्या हाताखाली ठेवला होता. मी रडत होता तर तुम्ही मला फणी म्हणजे काय, कंगवा म्हणजे काय असा काहीतरी सिली बोलत होता, मी हसला. तेव्हा मला बास्केटबॉल माहीत पण नव्हता. ती म्हणाली, दॅट्स लव्हली, दॅट्स ऑल आय नीड.

मला हे अजिबात आठवत नाही. खूप प्रयत्न केला. पिकनिक आठवते, कारण गिरीशनं सँडविचेस कमी आणली होती.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, कुठला हात होता? बॉल टाकायचा?

कुशनं माझ्याकडे बघितलं. मग वाकून गणपती शू-रॅकवर ठेवला, पिशवी खाली ठेवली आणि गेला.

मी दार लावलं. आतून मनीषा म्हणाली, डावा.